बिघाड शोधायला कोण शिकवतं?

तालुक्याच्या गावातल्या बँकेत काउंटरच्या काचेवर ‘लिंक नाही’ असा कागद चिकटला की त्या दिवसाचे व्यवहार थांबतात. पेन्शनसाठी आलेल्या आजी बाकावर बसून राहतात. खताचे पैसे काढायला आलेला शेतकरी दोनदा विचारून परत फिरतो. व्यवस्थापक कुठेतरी फोन लावतात, तिकडून एक क्रमांक मिळतो. ‘कॉल लॉग झाला’ म्हणायचं. मग जिल्ह्याच्या ठिकाणाहून विशी-बाविशीचा एक मुलगा पाठीला सॅक अडकवून मोटरसायकलवर निघतो. सॅकमध्ये क्रिंपर, केबल टेस्टर, कन्सोल केबल, जुना लॅपटॉप, मूठभर कनेक्टर आणि कुठून तरी वाचवून ठेवलेला एक चालू एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा. शाखेत सगळे त्याला ‘इंजिनिअर’ म्हणतात. बहुतेक वेळा तो आयटीआय झालेला असतो, नाहीतर एखाद्या खासगी संस्थेत ‘हार्डवेअर-नेटवर्किंग’ शिकलेला.

आयटी म्हटलं की आपल्याला हिंजवडी आठवते, कोडिंग आठवतं, परदेशी गेलेला भाचा आठवतो. सातबारा, रेशनचं ई-पॉस यंत्र, शाळेतले ऑनलाइन अर्ज, रुग्णालयातली नोंदणी हे सगळं ज्या तारांवर आणि डब्यांवर चालतं, ते जोडणारा आणि बंद पडल्यावर उघडून बसणारा माणूस कसा तयार होतो, हे मात्र घरोघरच्या करिअरच्या गप्पांत येत नाही. या लेखासाठी मी आयटीआयच्या प्रयोगशाळांत बसलो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीच्या टेबलांजवळ उभा राहिलो, कॉलवर जाणाऱ्या मुलांशी बोललो. या शिक्षणाचं सगळं मोल बिघाड शोधण्याच्या पद्धतीत आहे आणि नेमकी तीच सर्वांत कमी शिकवली जाते, हे तिथे पाहिलं. लिहावंसं वाटलं ते त्यामुळे.

या कामाची भारतातली जुनी परंपरा फार अभिमानाची आहे. परकीय चलन नियमन कायद्याखाली भारतीय भागभांडवल वाढवण्याच्या अटीवरून १९७८ साली आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला. कंपनी गेली, पण ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत, कारखान्यांत, संशोधन संस्थांत बसवलेली तिची यंत्रं इथेच राहिली. ती चालू ठेवण्याची जबाबदारी १९७५ साली स्थापन झालेल्या एका सरकारी कंपनीने उचलली. तिचं नावच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, पुढे सगळे तिला सीएमसी म्हणू लागले. ज्या कंपनीचं यंत्र तिचाच माणूस ते उघडणार, अशी तेव्हाची रीत होती. सीएमसीच्या अभियंत्यांना अनेक उत्पादकांची यंत्रं सांभाळावी लागली आणि त्यातून कोणत्याही एका छापाला बांधलेलं नसलेलं कसब तयार झालं. २००१ साली ही कंपनी टाटा समूहाकडे गेली, २०१५ साली टीसीएसमध्ये विलीन झाली. नावातला ‘मेंटेनन्स’ हा शब्द तेव्हा कुणाला कमीपणाचा वाटला नव्हता, हे मला फार मोलाचं वाटतं.

नव्वदच्या दशकात असेंबल्ड पीसी आला आणि हे काम गल्लीत उतरलं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, सुट्या भागांची पेठ म्हणून नावारूपाला आला होताच. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची होती. जिथे मदरबोर्ड विकला जातो तिथे तो जोडणारा लागतो, जोडणारा असला की शिकवणारा लागतो. खासगी संस्थांचे वर्ग अशा रीतीने वाढले. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) स्थापन झालं आणि त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यात संगणक वापरायला शिकवला. ते काम मोठंच होतं. पण वापरणाऱ्यांची संख्या ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने दुरुस्त करणारे घडवले गेले नाहीत.

आज दहावीनंतर या वाटेने जायचं तर पहिला गोंधळ प्रवेशाच्या वेळीच होतो. पालक विचारतात ‘कॉम्प्युटरचा ट्रेड’. आयटीआयमध्ये असे ट्रेड एकापेक्षा जास्त आहेत. ‘कोपा’ हा एक वर्षाचा, संगणक चालवणं आणि थोडं प्रोग्रॅमिंग शिकवणारा. ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ हाही एक वर्षाचा, पण त्यात यंत्र उघडायचं असतं. तिसरा ‘इन्फर्मेशन कम्युनिकेशन टेक्नॉलॉजी सिस्टिम मेंटेनन्स’, दोन वर्षांचा, त्याचा पाया इलेक्ट्रॉनिक्सचा. डायोड, ट्रान्झिस्टर, सोल्डरिंगपासून सुरुवात. प्रत्येक आयटीआयमध्ये तिन्ही असतातच असं नाही. मुलाला किंवा मुलीला पेचकस हातात धरायची आवड आहे की पडद्यासमोर बसायची, एवढं विचारून अर्ज भरला तरी पुढचा मनस्ताप टळेल.

आता प्रयोगशाळेत जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या आयटीआयमध्ये मुलं नेटवर्क केबलला कनेक्टर बसवत होती. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असा क्रम. याला ‘बी’ पद्धत म्हणतात. मुलं हा क्रम पाढ्यासारखा म्हणतात. पण नव्या मुलाच्या मनात एक शंका येतेच. हिरवीची जोडी मधेच का तोडायची? पांढऱ्या-हिरवीशेजारी सरळ हिरवी का नाही? एका मुलाने तसंच केलं. दोन्ही टोकांना नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी, अगदी नीटनेटकी रांग. टेस्टर लावला, एक ते आठ सगळे दिवे क्रमाने लागले.

“सर, ओके आहे.”

शिल्पनिदेशकांनी केबल हातात घेतली. “टेस्टर काय बघतो रे?”

“तार तुटली का, क्रम बरोबर आहे का.”

“जोडी बघतो?”

मुलगा गप्प. मग सरांनी जे सांगितलं ते ऐकताना मीही वही बाजूला ठेवली. यंत्र पहिल्या आणि दुसऱ्या खुंटीवरून एक संदेश पाठवतं आणि तिसऱ्या व सहाव्या खुंटीवरून दुसरा घेतं. तिसरी आणि सहावी यांच्यावर एकाच पिळाची जोडी हवी, कारण बाहेरचा गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर सारखा पडतो आणि तिथेच रद्द होतो. या मुलाच्या केबलमध्ये तिसऱ्या खुंटीवर हिरव्या जोडीतली तार होती आणि सहाव्या खुंटीवर निळ्या जोडीतली. तार अखंड होती, जोडी मात्र फुटली होती. अशी केबल टेबलावर दोन मीटरला चालते. कचेरीत चाळीस मीटर ओढली की कधी चालते, कधी नाही. मोठी फाईल पाठवली की अडकते. संगणकाला, स्विचला, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला दोष दिला जातो. केबल ‘ओके’ असल्याने तिच्याकडे कुणी पाहत नाही. मधल्या चौथ्या-पाचव्या जागा निळीला का दिल्या, याचंही उत्तर आहे. जुन्या टेलिफोनच्या जोडणीत पहिली लाइन मधल्या दोन खुंट्यांवर असायची. नवी पद्धत त्या जोडणीशी जुळावी म्हणून मधली जागा तशीच राखली आणि हिरवी जोडी तिच्या दोन बाजूंना गेली.

सरांनी दुसरी एक केबल काढली. तिच्यातली तपकिरी तार मुद्दाम तोडलेली. ती लावल्यावर नेटवर्क चालू झालं, फक्त हजार मेगाबिटऐवजी शंभरवर. हजाराला चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात. “असं कनेक्शन वर्षानुवर्षं कुणाच्या तरी टेबलाखाली पडलेलं असतं,” ते म्हणाले. “नेट हळू आहे म्हणून नवा संगणक घेतात लोक.”

हे शिक्षक आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळेत थांबून यंत्रं बिघडवून ठेवतात. एका संगणकाच्या रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा. दुसऱ्यात प्रोसेसरची जास्तीची वीजजोडणी सैल. तिसऱ्यात सीएमओएसची बॅटरी, ती तीन व्होल्टची गोल चपटी, पार उतरलेली. दोन यंत्रांना एकच आयपी पत्ता. एका स्विचमध्ये एकाच केबलची दोन्ही टोकं खोचलेली. साध्या स्विचवर असं केलं की संदेश गोल गोल फिरत राहतात आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क आडवं होतं. सकाळी मुलांना फक्त तक्रार सांगायची, तीसुद्धा ग्राहक सांगेल तशी: “चालत नाही.” त्यांच्या वर्गाचा नियम एकच, पण कडक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलण्याआधी आपल्याला काय वाटतं ते वहीत लिहायचं. रॅम काढून, केबल बदलून, विंडोज नव्याने टाकून यंत्र चालू झालं, तर त्या मुलाला गुण नाहीत. नेमकं कशाने चालू झालं, हे त्याला माहीत नसतं म्हणून.

नेटवर्कच्या तक्रारीला ते पायऱ्या घालून देतात. आधी स्विचवरचा दिवा. मग यंत्राने स्वतःलाच पिंग करायचं, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का पाहायचं, १२७.०.०.१ या पत्त्यावर. मग स्वतःचा पत्ता पाहायचा, तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ता वाटून देणाऱ्या डीएचसीपीपर्यंत आपला आवाजच पोचलेला नाही. मग गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचं दार. मग बाहेरचा एखादा पत्ता, बहुतेक सगळे ८.८.८.८ घेतात. तो उत्तर देतो पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, तर दोष नावाचा पत्ता काढून देणाऱ्या डीएनएसमध्ये. प्रत्येक पायरीवर अर्धं जग निर्दोष सुटतं आणि उरलेल्या अर्ध्यात शोधायचं. वैद्य नाडीपासून सुरुवात करतो तसंच हे. ही पद्धत ज्याच्या अंगात मुरली, तो उद्या राउटर बदलला, कंपनी बदलली, विंडोजची आवृत्ती बदलली तरी अडत नाही. पण मी ज्या इतर वर्गांत बसलो, तिथे बऱ्याचदा उलटं दिसलं. चालू यंत्र उघडायचं, भागांची नावं सांगायची, पुन्हा जोडायचं, जर्नलमध्ये आकृती काढायची. बिघडलेलं यंत्र त्या मुलांना पहिल्यांदा भेटतं ते नोकरीत, समोर ओरडणारा ग्राहक असताना.

प्रमाणपत्रांचंही थोडं सांगायला हवं, कारण त्यात पैसे जातात. कॉम्पटियाचं ‘ए प्लस’ १९९३ पासून आहे, हार्डवेअर आणि सपोर्टसाठी ते जगभर ओळखलं जातं. सिस्कोचं सीसीएनए १९९८ साली सुरू झालं. त्याची परीक्षा तीनशे डॉलरची, वर कर, आणि प्रमाणपत्र तीन वर्षांनी नूतनीकरणाला येतं. शेतमजुराच्या घरातल्या मुलासाठी ही रक्कम म्हणजे एका हंगामाचा प्रश्न आहे. सिस्कोचंच ‘पॅकेट ट्रेसर’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात पडद्यावर राउटर, स्विच मांडून खराखुरा वाटावा असा सराव करता येतो. परीक्षा देणं झालं नाही तरी तो अभ्यास वाया जात नाही. मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई हे प्रमाणपत्र मात्र जानेवारी २०२१ मध्ये बंद झालं. अजूनही ते नाव फलकावर मिरवणारी संस्था दिसली, तर पालकांनी फी भरण्याआधी आत जाऊन प्रयोगशाळा पाहावी. किती यंत्रं उघडी पडली आहेत, ते मोजावं. जिथे सगळं चकचकीत आणि बंद आहे, तिथे काही शिकवलं जात नाही असं मी खुशाल म्हणेन.

लॅमिंग्टन रोडच्या पोटमाळ्यांवर कुठलंच प्रमाणपत्र नसलेली, पण मला थक्क करणारी माणसं भेटली. चिप लेव्हलचं काम करणारी. डेड झालेला लॅपटॉपचा बोर्ड टेबलावर. मल्टिमीटर डायोड मोडवर, एक टोक ग्राउंडला, दुसरं एकेका कॉइलवर. कुठे तरी शॉर्ट आहे एवढं कळलं. बोर्डावर शेकडो बारीक कपॅसिटर, त्यातला कोणता? कारागिराने बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकलं आणि पॉवर सप्लायमधून एका व्होल्टच्या आसपासचा दाब त्या लाइनला दिला. जो भाग शॉर्ट, तो तापतो. त्याच्यावरचं अल्कोहोल सगळ्यांत आधी उडतं. तांदळाच्या कणीएवढा तो कपॅसिटर त्याने हॉट एअरने उचलला आणि बोर्ड जिवंत झाला. हे तो कुठे शिकला? “उस्तादकडे.” उस्तादकडे आधी काही महिने नुसते स्क्रू सांभाळले, मग फ्लक्स पुसला, मग कधीतरी सोल्डरिंगची कावी हातात आली. या ज्ञानाची नोंद कुठल्याच अभ्यासक्रमात होत नाही आणि आयटीआयचा विद्यार्थी या पोटमाळ्यावर कधी येत नाही. दोघांमध्ये कितीतरी कमी अंतर असायला हवं होतं. त्यातच आता नव्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, बॅटरी चिकटवलेली असते. खोडरबराने रॅम पुसून यंत्र चालू करण्याचे दिवस ओसरत चालले आहेत. पुढे टिकेल तो कारागीर खोल उतरणारा असेल.

विजेचा धडा तर पुस्तकात एका पानात संपतो आणि बाहेर रोज लागतो. कॉलवर जाणारी अनुभवी मुलं संगणकाला हात लावण्याआधी भिंतीतला सॉकेट तपासतात. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. शाळा-ग्रामपंचायतींत हा तिसरा आकडा कितीतरी पट जास्त आढळतो, कारण सॉकेटला तीन भोकं असली तरी अर्थिंगची तार मागे जोडलेलीच नसते. मग संगणकाच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या, पोर्ट जळणं, विनाकारण रीस्टार्ट. कोकणात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडल्या की तांब्याच्या तारेवरून लाट येते आणि मॉडेम, राउटर, त्यामागचा स्विच एका रांगेत जातात. नारळी-पोफळीच्या बागांमधून लांबच लांब ओढलेल्या तारा जणू त्या लाटेला आवतणच देतात. एका मुलाने सांगितलं, पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना त्याची सॅक नुसत्या अडॉप्टरांनी भरलेली असते.

काचेच्या फायबरचा एक मोठा उपकार इथे आहे: ती वीज वाहून नेत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली आणि नंतर भारतनेट हे नाव मिळालेली योजना ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेते. खासगी केबलवाले घराघरात नेतात. त्यामुळे एक नवं कसब गावातच लागू लागलं आहे, स्प्लायसिंगचं. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो नऊ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या कितीतरी खाली. आवरण सोलायचं, अल्कोहोलने पुसायचं, क्लीव्हरने काटकोनात छाटायचं, मशिनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवायची. विजेच्या ठिणगीने ती वितळून एक होतात. रस्त्याच्या कडेला, धुळीत, बऱ्याचदा जीपच्या बॉनेटवर हे काम चालतं. टोक डोळ्यासमोर धरून पाहायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवावं लागतं, कारण आतला लेसर डोळ्यांना दिसत नाही आणि इजा करू शकतो. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली की ओटीडीआर हे यंत्र प्रकाशाचा ठोका पाठवून, परतलेल्या उजेडावरून तूट किती मीटरवर आहे ते सांगतं. पण ते अंतर केबलचं असतं, रस्त्याचं नसतं. मध्ये खड्ड्यांत गुंडाळून ठेवलेले वेढे असतात. कोणत्या खड्ड्यात किती वेढा आहे, हे ज्याच्या वहीत लिहिलेलं, तोच अचूक जागी खणतो.

एवढं करणाऱ्यांच्या हातात काय पडतं, हे मात्र ऐकताना राग येतो. बँक किंवा सरकारी खातं मोठ्या कंपनीला देखभालीचं कंत्राट देतं, ती प्रादेशिक कंपनीला, ती जिल्ह्यातल्या एजन्सीला, आणि एजन्सी मुलाला ठेवते, कधी महिन्यावर, कधी दर कॉलमागे. कॉल किती तासांत बंद व्हायला हवा याची मुदत वर ठरलेली असते, उशिराचा दंड वरून खाली झिरपतो, पेट्रोलचा खर्च मात्र खालून वर जात नाही. दर कॉलमागे पैसे मिळाले की बिघाडाचं मूळ शोधायला वेळ कोण देईल? यंत्र रीस्टार्ट करायचं, सही घ्यायची, निघायचं. महिन्याभरात तीच तक्रार परत येते. प्रयोगशाळेत मेहनतीने शिकवलेली पद्धत ही व्यवस्था पुसून टाकते, असं मला ठामपणे वाटतं. मुलींच्या बाबतीत आणखी एक दार बंद होतं. वर्गात त्या चांगल्या संख्येने दिसल्या, त्यांचं सोल्डरिंग सुबक होतं. नोकरीत मात्र त्यांना हेल्पडेस्कच्या फोनवर बसवतात. “मला साईटवर पाठवा म्हटलं तर म्हणतात, उशीर झाला तर जबाबदारी कुणाची?” असं एकीने सांगितलं. ती स्वतःची स्कूटर चालवत रोज वर्गाला येत होती.

या सगळ्यात लगेच हाती घेता येईल अशी एक गोष्ट आहे. सरकारी कचेऱ्यांच्या कोठारांत जुने संगणक, बंद स्विच, उतरलेले यूपीएस धूळ खात पडलेले असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते शेवटी नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जायला हवेत, आणि जावेतच. त्याआधी वर्ष-दोन वर्षं ते जवळच्या आयटीआयमध्ये नोंद करून ठेवता आले, तर प्रयोगशाळेला हवं ते सगळं मिळेल: खरे बिघाड. फुगलेले कपॅसिटर, गंजलेले पोर्ट, झुरळांनी घर केलेला एसएमपीएस. दुसरं पाऊल परीक्षेचं. आयटीआयची लेखी परीक्षा आता संगणकावर होते. प्रात्यक्षिक संस्थेत होतं. त्या प्रात्यक्षिकात प्रत्येकाला एक बिघडलेलं यंत्र आणि एक फुटलेल्या जोडीची केबल द्यावी, आणि दुरुस्तीच्या गुणांइतकेच गुण वहीतल्या ओळींना द्यावेत: तक्रार काय होती, काय वाटलं, काय तपासलं, काय सापडलं. मी पाहिलेल्या त्या आयटीआयमध्ये या नोंदींचं रजिस्टर ठेवलेलं आहे. पुढच्या तुकडीची मुलं ते चाळतात आणि शिल्पनिदेशक त्यातूनच नवे बिघाड निवडतात.